पाठीवरचे बिऱ्हाड

नांदेडला १९८१ साली श्री गुरू गोबिंदसिंहजींच्या नावाने अभियांत्रिकी महाविद्यालय निघाले, १९९४ साली स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ स्थापन झाले आणि लातूर त्याच्या कक्षेत आले. संगणकाचे शिक्षण असे दारी आले. संगणक मात्र बहुतेकांना परकाच राहिला. कधी प्रयोगशाळेतला, कधी कॅफेतला, कधी मामाच्या घरचा. त्यावर विंडोज असे. लिनक्ससाठी डिस्कचे विभाजन करायचे म्हटले, तर मामाही हात लावू देत नसे!

या कोंडीवरचा तोडगा जुनाच होता. १९६७ साली आयबीएमच्या केंब्रिज (मॅसॅच्युसेट्स) येथील केंद्रात सीपी-४० ही प्रणाली चालू झाली. यंत्र एकच आणि महागडे. पण प्रत्येकाला वाटावे, हे अख्खे आपलेच आहे. व्हीएमवेअरने १९९९ साली ही किमया साध्या पीसीवर आणली, व्हर्च्युअलबॉक्सने २००७ साली ती मुक्त स्रोत स्वरूपात दिली. टंचाईतून जन्मलेली कल्पना टंचाईच्या मुलखात रुजावी, यात नवल ते काय?

यजमान संगणकावर एवढा एकच प्रोग्रॅम बसवण्याची परवानगी काढायची. बाकी सारे लिनक्स, कंपायलर आणि डेटाबेससकट, बाह्य डिस्कवरच्या एका फाइलीत. विंचवाचे बिऱ्हाड पाठीवर! अडचणी होत्याच. फॅट३२ पद्धतीने फॉरमॅट केलेल्या डिस्कवर चार जीबीपेक्षा मोठी फाइल मावत नसे. नांदेडला झोपवून ठेवलेले यंत्र लातूरच्या वेगळ्या प्रोसेसरवर जागे होईलच असे नसे. म्हणून ते रीतसर बंद करूनच एसटीत बसावे.

खरा वैरी होता भारनियमन. पाहुण्या लिनक्सला वाटे, लिहिलेले डिस्कवर पोचले. प्रत्यक्षात ते यजमानाच्या स्मृतीतच रेंगाळत असे. 'आता खरोखर लिही' हा पाहुण्याचा आदेश व्हर्च्युअलबॉक्स वेगासाठी एरवी दुर्लक्षितच करी. ही सोय कागदपत्रांत नोंदलेली होती, पण ती वाचतो कोण? २००८च्या उन्हाळ्यात लातुरात भर दुपारी वीज गेली आणि माझे आठ दिवसांचे काम त्या फाइलीसकट गेले. एक्स्ट३ची नोंदवहीही उपयोगी पडली नाही, कारण तिची पानेच डिस्कवर पोचली नव्हती.

त्यानंतर मी दोन चुली मांडल्या. यंत्र बाह्य डिस्कवर. लिहिलेला कोड रोज संध्याकाळी वेगळ्या पेन ड्राइव्हवर, आणि तो पेन ड्राइव्ह शर्टाच्या खिशात.