आड आलेला पाळणा

३० ऑगस्ट १७७३ रोजी शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांचा खून झाला. पोटी मूल नव्हते. राघोबादादांनी साताऱ्याहून वस्त्रे आणवली आणि ते पेशवे झाले. खुनाचा आरोप घटकाभर बाजूला ठेवला (न्यायाधीश रामशास्त्र्यांनी ठेवला नाही, ते सोडा), तर चुलत्याचा हक्क नाकारणार कोण? नाकारला तो जन्मालाही न आलेल्या जिवाने. नारायणरावांच्या पत्नी गंगाबाई गरोदर होत्या. दादांविरुद्ध एकत्र आलेल्या बारभाई कारभाऱ्यांनी त्यांना पुरंदरावर हलवले, १८ एप्रिल १७७४ ला मुलगा झाला आणि चाळीस दिवसांच्या सवाई माधवरावांना पेशवाईची वस्त्रे मिळाली. दादा वारस खरे, पण पाळणा हलेपर्यंतच.

अशा वारसाला इंग्रज ‘एअर प्रिझम्प्टिव्ह’ म्हणतात. त्यांच्याकडेही हीच धाकधूक असते. १८३७ साली व्हिक्टोरियाची द्वाही फिरली, तीत मेलेल्या राजाच्या विधवेला मूल झालेच, तर त्याचा हक्क राखून ठेवला होता.

आपल्या कायद्याच्या पुस्तकांत ‘संभाव्य वारस’ असा मिळमिळीत शब्द सापडतो. वास्तविक इंग्रजांच्या ‘प्रिझम्प्टिव्ह’च्या फार जवळ जाणारा नेमका शब्द अकराव्या-बाराव्या शतकातच घडला होता, तोही आपल्या शेजारी, बिदरकडच्या कल्याणीत. सहाव्या विक्रमादित्य चालुक्याच्या काळात विज्ञानेश्वराने याज्ञवल्क्यस्मृतीवर ‘मिताक्षरा’ ही टीका लिहिली आणि दायाचे, म्हणजे वारशाचे, दोन भाग पाडले. मुलगा-नातू जन्मतःच वाटेकरी, म्हणून त्यांचा दाय अप्रतिबंध. भाऊ, चुलता, पुतण्या यांचा सप्रतिबंध, म्हणजे मध्ये अडसर असलेला. अडसर दोन: मालक हयात असणे आणि त्याला मुलगा असणे. बंगालच्या जीमूतवाहनाला हे पटले नाही. बाप जिवंत असताना मुलाचा तरी हक्क कसला, असा त्याचा सवाल.

दाय घेणारा तो दायाद; पुढे बोलण्यात हा शब्द मागे पडला आणि अरबीतून वारस आला. ‘मिरास’ही त्याच धातूचा, म्हणजे गावचा मिरासदार आणि तलाठ्याच्या फेरफारातला वारस ही एकाच घरची भावंडे.

अडसर मात्र आजही तिथेच आहे. काका निपुत्रिक, सातबारा काकांच्या नावावर आणि पुतण्या स्टँप पेपरवर विसार घेऊन मोकळा: ‘त्यांच्या माघारी माझंच आहे की!’ काका उद्या दत्तक घेतील, मृत्युपत्र करतील, चालत्या-बोलत्या माणसाचा काय भरवसा? १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याचे कलम ६ सांगते, की वारसाने मिळेल ही नुसती आशा विकता येत नाही. त्या विसाराच्या कागदाने जमिनीत तसूभर हक्क येत नाही.

आणि गंगाबाईंच्या बाळाचे कलमही कायद्यात आहे. १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार कायद्याचे विसावे: मृत्युपत्र न करता माणूस गेला, त्या वेळी पोटात असलेले मूल पुढे जिवंत जन्मले, तर ते त्याच्या मृत्यूआधीच जन्मले असे धरून वारसा मिळतो.