पाटण : खोरी, पेठा आणि हवामान

पाटण : सातारा जिल्ह्याच्या नैर्ऋत्येकडील डोंगरी तालुका व त्याचे मुख्य गाव. पश्चिमेस सह्याद्रीची मुख्य रांग व तिच्यापलीकडे रत्नागिरी जिल्हा, पूर्वेस कराड, दक्षिणेस सांगली जिल्ह्यातील शिराळा तालुका. कराड–चिपळूण मार्ग तालुक्याच्या मधून जातो आणि कुंभार्ली घाटाने कोकणात उतरतो. रेल्वेने येणाऱ्यास कराड स्थानक सोयीचे. तेथून पाटण सुमारे ३५ किमी असून एसटीची सोय आहे.

हा तालुका गावांच्या यादीवरून समजत नाही, तो नद्यांवरून समजतो. महाबळेश्वरला उगम पावलेली कोयना दक्षिणेकडे वाहत येते आणि हेळवाकजवळ एकदम पूर्वेला वळून कराडची वाट धरते. तिच्या दोन्ही अंगांना डोंगरांचे फाटे पसरले आहेत आणि प्रत्येक दोन फाट्यांमध्ये एक खोरे आहे. खोऱ्याला स्वतःची नदी, स्वतःची बाजारपेठ, स्वतःचे देव. केरा कोयनेला मिळते तेथे पाटण, मोरणेच्या खोऱ्यात मोरगिरी, वांगेच्या खोऱ्यात ढेबेवाडी, मांडेच्या काठी चाफळ, तारळीच्या काठी तारळे. शेजारच्या खोऱ्यात जायचे तर डोंगर चढून उतरावे लागे, नाहीतर नदीबरोबर खाली येऊन दुसरीबरोबर वर जावे लागे. आज रस्ते झाले आहेत, तरी सोयरीक आणि आठवड्याचा बाजार अजून बराचसा खोऱ्यापुरताच चालतो.

पाटण हे तहसील, न्यायालय, महाविद्यालय आणि नगरपंचायत असलेले गाव. सरदार पाटणकरांचे घराणे येथलेच. गावामागच्या डोंगरावरील दातेगड (सुंदरगड) आवर्जून पाहावा. दरवाजाजवळ कातळात कोरलेले गणपती व मारुती आहेत आणि माथ्यावर तलवारीच्या आकाराची खोल विहीर खडकात खोदलेली आहे. पायऱ्या उतरून खाली गेले की भर उन्हाळ्यातही गारवा लागतो.

पूर्वेकडील मल्हारपेठ ही कराड रस्त्यावरील व्यापाराची पेठ. जवळच्या मरळी येथील दौलतनगरचा साखर कारखाना बाळासाहेब देसाई (१९१०–१९८३) यांच्या नावाने ओळखला जातो. राज्याचे शिक्षणमंत्री असताना त्यांनी आर्थिकदृष्ट्या मागास मुलांना दिलेल्या फी-सवलतीमुळे महाराष्ट्रातील असंख्य घरांतली पहिली पिढी महाविद्यालयात गेली. डोंगरी तालुक्यातून आलेल्या माणसालाच ती निकड इतकी नेमकी कळावी, हे स्वाभाविक होते.

ढेबेवाडी खोऱ्याचे नाते मुंबईशी आहे. भातशेतीवर घर चालेना, म्हणून येथली माणसे पिढ्यान्‌पिढ्या गोदीत आणि घाऊक बाजारांत ओझी वाहायला गेली. त्या कष्टकऱ्यांना संघटित करणारे अण्णासाहेब पाटील याच खोऱ्यातील मंद्रुळकोळ्याचे. १९६९ चा माथाडी कायदा हे त्या लढ्याचे फळ. बनपुरीच्या नाईकबाची चैत्रातील यात्रा आली की मुंबईकर गावी येतात आणि एरवी कुलूप असलेली घरे उघडतात.

चाफळला समर्थ रामदासांनी १६४८ मध्ये राममंदिर उभारले. सध्याचे मंदिर विसाव्या शतकात अरविंद मफतलाल यांच्या पुढाकाराने बांधलेले आहे. समर्थस्थापित अकरा मारुतींपैकी चाफळचे दोन, शिंगणवाडीचा आणि माजगावचा असे चार या परिसरात असून एका दिवसात त्यांचे दर्शन होते.

पश्चिम टोकाला कोयनानगर. सुमारे १०३ मीटर उंचीच्या कोयना धरणामुळे झालेल्या शिवसागर जलाशयाची क्षमता १०५ टीएमसी आहे. पाणी डोंगराच्या पोटातून पश्चिमेकडे पोफळीला सोडून वीज तयार होते आणि वापरलेले पाणी वाशिष्ठी नदीत जाते. प्रकल्पाच्या सर्व टप्प्यांची मिळून स्थापित क्षमता १९६० मेगावॉट आहे. महाराष्ट्राच्या उद्योगांना उजेड मिळाला तो या खोऱ्यातील गावे पाण्याखाली गेल्यावर. तेथील माणसे सोलापूर, ठाणे, रायगडपर्यंत पांगली आणि त्यांच्या पुनर्वसनाचे प्रश्न अजून पुरते सुटलेले नाहीत. धरण पाहताना हे ध्यानात ठेवावे. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे येथे मोठा भूकंप झाला आणि सुमारे १८० माणसे दगावली. धरणाला तडे गेले, पण ते टिकले. पुढे ते मजबूत करण्यात आले. लहान धक्के आजही बसतात.

हवामान. पाटणचा पाऊस नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यांचा, जून ते सप्टेंबरचा. पण खरी नवलाची गोष्ट त्याच्या वाटणीची. घाटमाथ्यावरील नवजा व कोयनानगर येथे वर्षाकाठी सुमारे ५००० मिमी किंवा त्याहून अधिक पाऊस होतो; पाटण गावी त्याच्या निम्म्याहून कमी आणि मल्हारपेठेच्या बाजूस आणखी कमी. दोन तासांच्या आतील या प्रवासात शेतीही बदलते. वर भातखाचरे आणि उतारावर नाचणी, खाली ज्वारी, भुईमूग, सोयाबीन व नदीकाठी ऊस. उन्हाळ्यात खोऱ्यांत उकाडा असतो, एप्रिल-मेमध्ये वळीव येतो. हिवाळ्यात सकाळी नदीवर दाट धुके असते आणि घाटमाथ्यावर शेकोटीवाचून बसवत नाही.

हा पाऊस पाहायला लोक नवज्याच्या ओझर्डे धबधब्यावर आणि सडावाघापूरच्या पठारावर येतात. सडावाघापूरला दरीतून वर येणारा वारा कड्यावरून पडणारे पाणी उलटे उडवतो. त्याच वाऱ्यावर वनकुसवडे पठारावरील पवनचक्क्या चालतात. मात्र जुलै २०२१ मध्ये याच पावसाने आंबेघर, मिरगाव, ढोकावळे येथे दरडी कोसळून माणसे गाडली गेली. अतिवृष्टीचा इशारा असताना या रस्त्यांवर हौसेने फिरणे म्हणजे आधीच संकटात असलेल्या गावांवर भार टाकणे होय.

कोयना अभयारण्य १९८५ मध्ये घोषित झाले, ते २०१० पासून सह्याद्री व्याघ्र प्रकल्पाचा भाग आहे आणि २०१२ मध्ये पश्चिम घाटाबरोबर जागतिक वारसा यादीत आले. गवे, अस्वले, बिबटे येथे आहेत. जंगली जयगडसारख्या किल्ल्यांवर जाण्यास वनखात्याची परवानगी लागते. पावसाळ्यात जळवांचा त्रास फार.

पहिल्यांदा येणाऱ्याने ऑक्टोबरअखेर ते डिसेंबर हा काळ निवडावा. भात कापणीला आलेले असते, रस्ते उघडे असतात, ओढ्यांना पाणी असते. मुक्काम पाटण किंवा कोयनानगरला करून एका दिवशी एकच खोरे पाहावे.