जॅझ ड्रमवादन

जॅझ ड्रमवादन ही ड्रमसंचावर जॅझ संगीताची लय धरून ठेवण्याची आणि सहवादकांना वादनातूनच प्रतिसाद देण्याची कला आहे. आधुनिक जॅझमध्ये लयीचा मुख्य आधार ढोलावर नसून झांजेवर असतो. त्यामुळे इतर अवयवांना स्वतंत्रपणे वाजू देणे आणि तरीही लय ढळू न देणे, हा या कलेच्या शिक्षणाचा गाभा होय.

इतिहास

अमेरिकेतील न्यू ऑर्लिन्स शहरात मिरवणुकीच्या वाद्यवृंदांमध्ये बेस ड्रम व स्नेअर ड्रम वेगवेगळे वादक वाजवीत. पायाने चालणाऱ्या पेडलमुळे ही दोन्ही कामे बसून वाजविणाऱ्या एकाच वादकाला करता येऊ लागली. बेबी डॉड्स (१८९८–१९५९) हे आरंभकाळातील अग्रगण्य वादक होत. १९३०च्या दशकात काउंट बेसी यांच्या वाद्यवृंदातील जो जोन्स यांनी लयीचा भार हाय-हॅट या पायाने मिटणाऱ्या जोडझांजेवर सोपविला. १९४०च्या दशकाच्या आरंभी न्यू यॉर्कमधील मिंटन्स प्लेहाउस येथे केनी क्लार्क यांनी तो राइड सिंबल या मोठ्या झांजेवर नेला. परिणामी बेस ड्रम प्रत्येक मात्रेवर जोराने वाजविण्याची गरज उरली नाही व तो अनपेक्षित जागी आघात देण्यास मोकळा झाला. मॅक्स रोच, एल्विन जोन्स व टोनी विल्यम्स यांनी ही पद्धत पुढे विस्तारली.

तालाची रचना

चार मात्रांच्या आवर्तनात राइड सिंबलवर पहिल्या व तिसऱ्या मात्रेला एकेक आघात होतो. दुसऱ्या व चौथ्या मात्रेवर एक आघात आणि त्यानंतर पुढील मात्रेच्या किंचित आधी आणखी एक आघात होतो. हाय-हॅट दुसऱ्या व चौथ्या मात्रेवर मिटते. मात्रेचे तीन भाग कल्पून जादा आघात तिसऱ्या भागावर दाखविण्याची रीत आहे. प्रत्यक्षात हे अंतर लयीनुसार बदलते व द्रुत लयीत मात्रेचे दोन भाग जवळजवळ समान होतात. 'स्विंग' नावाने ओळखला जाणारा हा डौल स्वरलिपीत पूर्णपणे उतरत नाही. तो ध्वनिमुद्रणे ऐकून व जाणत्या वादकांबरोबर वाजवूनच आत्मसात होतो.

शिक्षण

विद्यार्थी प्रथम काठ्यांची पकड आणि 'रूडिमेंट' म्हणजे हातांच्या मूलभूत आघातरचना शिकतो. तबल्यातील बोलांप्रमाणे याच रचनांतून पुढील वादन घडते. जॉर्ज लॉरेन्स स्टोन यांचे 'स्टिक कंट्रोल' (१९३५) हे पुस्तक हातांच्या तयारीसाठी वापरले जाते. झांजेवरील ठेका अखंड ठेवून डाव्या हाताने व पायाने वेगळ्या लयाकृती वाजविण्याचा अभ्यास जिम चेपिन यांनी १९४८ मध्ये प्रकाशित केलेल्या पुस्तकात पद्धतशीरपणे मांडला. टोनी विल्यम्स यांचे गुरू ॲलन डॉसन हे विद्यार्थ्यांकडून वाजविताना धून गाऊन घेत, त्यामुळे रचनेतील आपले स्थान वादकाच्या ध्यानात राहते.

सराव

सराव विलंबित लयीपासून सुरू करतात. मेट्रोनोमचा ठोका केवळ दुसऱ्या व चौथ्या मात्रेवर आहे असे मानून उरलेल्या मात्रा स्वतः सांभाळणे, हा एक उपयुक्त अभ्यास आहे. मंद आवाजात वाजविणे, तसेच तारांच्या ब्रशांनी स्नेअर ड्रमवर घर्षणाने नाद काढणे, यांचाही सराव आवश्यक असतो. बारा व बत्तीस मापांच्या रचना पाठ असल्या म्हणजे वादक चार-चार मापांच्या आलटून-पालटून होणाऱ्या सवाल-जवाबात सम चुकत नाही. एकट्याने केलेला सराव हात तयार करतो, परंतु बेसवादकाच्या लयीशी आपली लय जुळविणे आणि एकलवादकाला जागा देणे समूहातच साधते.

भारतीय संदर्भ

मुंबईत १९५१ मध्ये जन्मलेले त्रिलोक गुर्टू हे ठुमरीगायिका शोभा गुर्टू यांचे पुत्र होत. तबला व ड्रमसंच या दोन्हींचे संस्कार एकत्र आणणारे वादक म्हणून ते जगभर ओळखले जातात.