मुलाला शिकवणी लावावी का?

शिराळा तालुक्यात पाचवीच्या मुलाच्या शिकवणीचा विषय निघतो तो अनेकदा नवोदय परीक्षेमुळे. जिल्ह्याचे नवोदय विद्यालय पलूसला आहे आणि सहावीच्या प्रवेशासाठी पाचवीत परीक्षा द्यावी लागते. एवढ्यापुरती काही महिन्यांची शिकवणी समजण्यासारखी आहे.

मूल अभ्यासात मागे पडते म्हणून शिकवणी लावायची असेल, तर ते नेमके कुठे अडते हे आधी पाहावे. ‘असर’ सर्वेक्षणात मुलांना दुसरीच्या पातळीचा उतारा वाचायला आणि हातच्याची वजाबाकी करायला देतात. हे घरीही करता येते, दहा मिनिटांत. पाचवीचे मूल इथेच अडखळले, तर पाचवीचेच धडे पुन्हा घोकून घेणाऱ्या वर्गाला घातलेली फी वाया जाते. त्याला मागचे शिकवणारा माणूस हवा. तो घरातला शिकलेला काका किंवा ताईही असू शकते.

वर्गशिक्षकांशी बोलावे, मात्र त्यांच्याकडेच शिकवणी मागू नये. शिक्षण हक्क कायदा २००९ च्या कलम २८ नुसार शिक्षकांना खासगी शिकवणी घेता येत नाही. वाडीवस्तीवरच्या मुलाच्या बाबतीत शिराळ्याला जाण्या-येण्यात जाणारा वेळही हिशेबात धरावा. दमलेले मूल संध्याकाळी फारसे शिकत नाही. शिकवणी लावलीच, तर दोन महिन्यांनी तोच उतारा न देता तशाच पातळीचा दुसरा वाचून घ्यावा.