ओव्हरक्लॉकिंग आणि संगणकीय खेळांची गती : एक ऐतिहासिक विवेचन

प्रस्तावना :

संगणकाचा प्रोसेसर अंतर्गत घड्याळाच्या ठोक्यांवर कार्य करतो. एका सेकंदातील या ठोक्यांची संख्या हर्ट्झमध्ये मोजली जाते. उत्पादकाने निश्चित केलेल्या वेगापेक्षा अधिक वेगाने प्रोसेसर चालविणे म्हणजे ओव्हरक्लॉकिंग होय. नवा संगणक घेण्याची ऐपत नसलेल्या खेळाडूला हा मार्ग आकर्षक वाटतो. आष्टीसारख्या तालुक्याच्या गावातील विद्यार्थ्याच्या दृष्टीने तर हा प्रश्न प्रामुख्याने पैशाचा आहे. या उपायाने खेळ खरोखर गतिमान होतो काय, याचा ऐतिहासिक अंगाने विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

सेलेरॉनचा दाखला :

ओव्हरक्लॉकिंगच्या इतिहासात ऑगस्ट १९९८ मध्ये आलेल्या इंटेलच्या सेलेरॉन ३००ए या स्वस्त प्रोसेसरला विशेष स्थान आहे. त्याची बस ६६ वरून १०० मेगाहर्ट्झवर नेली असता ३०० मेगाहर्ट्झचा प्रोसेसर ४५० वर चाले. अशा रीतीने तो खेळांमध्ये त्या काळच्या महागड्या पेंटियम-२ च्या जवळपास पोहोचत असे. तत्कालीन खेळांतील गणिताचा मोठा भार प्रोसेसरवरच असल्यामुळे हा लाभ प्रत्यक्ष पडद्यावर दिसून येई.

कामाची विभागणी :

१९९९ मध्ये आलेल्या जीफोर्स २५६ पासून भूमितीय गणिताचा भारही ग्राफिक्स कार्डाकडे जाऊ लागला. परिणामी प्रत्येक चौकट दोघांच्या हातून तयार होऊ लागली. समजा, प्रोसेसरला एका चौकटीसाठी १० मिलिसेकंद आणि ग्राफिक्स कार्डाला २० मिलिसेकंद लागतात. दोघांची कामे समांतर चालली तरी सेकंदाला ५० चौकटीच मिळतील. येथे प्रोसेसरचा वेग २० टक्क्यांनी वाढविला तरी फरक पडणार नाही. याउलट प्रोसेसरला २० व कार्डाला १० मिलिसेकंद लागत असतील, तर तेवढ्याच वाढीने ५० च्या ६० चौकटी होतील. सारांश, जो घटक मागे पडतो त्याचीच गती वाढविणे उपयुक्त ठरते.

घड्याळ की रचना :

केवळ ठोके वाढविणे हा गतीचा एकमेव मार्ग नव्हे, हे महाराष्ट्राने अनुभवले आहे. क्रे महासंगणकाच्या विक्रीवर अमेरिकेने घातलेल्या निर्बंधांच्या पार्श्वभूमीवर १९८८ मध्ये पुण्यात सी-डॅकची स्थापना झाली. अकोला जिल्ह्यातील मुरंबा येथे जन्मलेले डॉ. विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली १९९१ मध्ये परम ८००० साकार झाला. त्यातील ट्रान्सप्यूटर चिपांच्या घड्याळाचा वेग क्रेच्या तुलनेत बराच कमी होता. मात्र अशा अनेक चिपांना एकत्र जोडून काम वाटून देण्यात आले होते. जे काम वाटता येते, तेथेच हा मार्ग फलद्रूप होतो, हेही लक्षात घेतले पाहिजे.

पुढे इंटेललाही हीच दिशा स्वीकारावी लागली. २००४ मध्ये पेंटियम-४ ३.८ गीगाहर्ट्झपर्यंत पोहोचला; परंतु ४ गीगाहर्ट्झची नियोजित आवृत्ती त्याच वर्षी रद्द झाली. २००६ मधील कोअर २ ड्युओने २.४ गीगाहर्ट्झवरही खेळांमध्ये त्याला मागे टाकले.

उष्णतेची मर्यादा :

प्रोसेसरची वीजखपत वेगाच्या आणि विद्युतदाबाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. वेग २० टक्के व दाब १० टक्के वाढविल्यास खपत सुमारे ४५ टक्क्यांनी वाढते. ही सर्व वीज अखेर उष्णतेत रूपांतरित होते. वर्धा जिल्ह्यात उन्हाळ्यात पारा ४५ अंशांपलीकडे जातो, तेव्हा खोलीतील तप्त हवेनेच प्रोसेसर थंड करावा लागतो. मर्यादा ओलांडली की प्रोसेसर स्वतःच वेग कमी करतो आणि मिळविलेला लाभ नाहीसा होतो.

निष्कर्ष :

१९९८ मधील लाभ खरा होता, परंतु तो त्या काळच्या परिस्थितीचा लाभ होता. २००८ पासून इंटेलचे प्रोसेसर टर्बो बूस्टद्वारे स्वतःच वेग वाढवीत असल्याने आज ओव्हरक्लॉकिंगला वाव अल्प उरला आहे. म्हणून प्रथम अडथळा प्रोसेसरचा आहे की ग्राफिक्स कार्डाचा, हे तपासावे. खेळाचे रिझोल्यूशन कमी करूनही चौकटी वाढत नसतील, तर अडथळा बहुधा प्रोसेसरचा असतो. वाढत असतील, तर तो कार्डाचा असतो. या साध्या परीक्षेस एक रुपयाही लागत नाही, आणि मर्यादित साधने असलेल्या विद्यार्थ्याने खर्चापूर्वी ती करणे हेच श्रेयस्कर होय.