खारफुटीच्या मुळांवर सापडलेलं औषध

परवा खाडीकाठच्या गावातले एक जुने रुग्ण कागदाच्या पुडीत वाळलेली साल घेऊन आले. "डॉक्टर, ही कांदळाची साल. साखरेवर गुणकारी म्हणतात. गोळ्या बंद करून काढा सुरू करू का?"

प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता. खारफुटीची झाडं खाऱ्या चिखलात उभी असतात. मीठ, ऊन, कीड यांना तोंड देण्यासाठी ती नाना रसायनं तयार करतात. कांदळाच्या सालीत टॅनिन भरपूर असतं. त्यावर चामडं कमावलं जायचं, मासेमारीची जाळी रंगवली जायची. साल तुरट लागते तीही टॅनिनमुळेच.

पण गुण असणं वेगळं आणि औषध होणं वेगळं. गेवा हे खारफुटीतलंच झाड. त्याचा चीक डोळ्यात गेला तर काही काळ दिसेनासं होतं. याच झाडातून वेगळं केलेलं एक रसायन प्रयोगशाळेत एचआयव्हीविरुद्ध परिणामकारक ठरल्याचं १९९५ मध्ये प्रसिद्ध झालं. त्याचं औषध मात्र झालेलं नाही.

औषध होईपर्यंतचा रस्ता किती लांब असतो, हे ट्रॅबेक्टेडिनच्या इतिहासात दिसतं. कॅरिबियन समुद्रात खारफुटीच्या पाण्यात बुडालेल्या मुळांवर एक छोटासा नारिंगी प्राणी झुपक्यांनी वाढतो. त्याचा अर्क कर्करोगाविरुद्ध काम करतो, असं १९६९ मध्ये नोंदवलं गेलं. त्यातलं नेमकं रसायन ओळखायला १९९० साल उजाडलं, कारण ते फारच थोडं मिळायचं. एक ग्रॅमसाठी सुमारे एक टन प्राणी लागत! १९९६ मध्ये हार्वर्डच्या ई. जे. कोरी यांच्या गटाने ते प्रयोगशाळेत बनवलं. पुढे एका स्पॅनिश कंपनीने जिवाणूंकडून मिळणाऱ्या पदार्थापासून ते तयार करण्याची सोपी पद्धत शोधली. रुग्णांवर चाचण्या झाल्या, मात्रा ठरली, यकृत आणि रक्तपेशींवरचे दुष्परिणाम कळले. मऊ ऊतींच्या एका कर्करोगासाठी, म्हणजे सार्कोमासाठी, युरोपात २००७ मध्ये आणि अमेरिकेत २०१५ मध्ये त्याला मान्यता मिळाली.

पहिल्या नोंदीपासून मान्यतेपर्यंत ३८ वर्षं गेली. गंमत म्हणजे हे रसायन झाडाचं नाहीच. त्या प्राण्याच्या शरीरात राहणारे जिवाणू ते बनवतात, असं पुढच्या संशोधनातून दिसलं. खारफुटी तोडली, की अशा न ओळखलेल्या जिवांचं घरही जातं.

हे सगळं मी त्या काकांना थोडक्यात सांगितलं. काढ्यात कोणतं रसायन किती उतरेल, हे घरी मोजता येत नाही. जास्त टॅनिन पोटात गेलं तर अन्नातलं लोह नीट शोषलं जात नाही. आणि मधुमेहाच्या गोळ्या अचानक बंद केल्या तर साखर धोकादायक पातळीवर जाऊ शकते.

गोळ्या चालू ठेवायचं काकांनी कबूल केलं. तुम्हीही कुठला काढा घेत असाल तर लपवू नका. पुडी घेऊन या, आपण बोलू.