५% कॅशबॅक म्हणजे नक्की किती पैसे?

जाहिरातीत ‘५% कॅशबॅक’ दिसतं, पण ते सगळ्या खर्चावर मिळत नाही. कार्ड घेणाऱ्या प्रत्येक दुकानाला एमसीसी हा ४ अंकी कोड असतो. किराणा ५४११, पेट्रोल पंप ५५४१. बँक तो बघून दर लावते. पेट्रोल, घरभाडं, वॉलेट लोड यांवर बऱ्याच कार्डांत काहीच मिळत नाही.

मी हिशोब असा करतो. समजा, ऑनलाइन ५% (महिन्याला जास्तीत जास्त १,००० रुपये) आणि दुकानात १%.

- ऑनलाइन खर्च २४,००० : होतात १,२००, मिळतात १,०००
- दुकानात ८,००० : मिळतात ८०
- पेट्रोल ३,००० : मिळतात ०

एकूण खर्च ३५,०००, कॅशबॅक १,०८०. म्हणजे खरा दर साधारण ३.१%. वस्तू परत केली, तर तिचा कॅशबॅकही कापला जातो.

आता बिल थकलं तर? महिना ३.५% दराने व्याज १,२२५, त्यावर १८% जीएसटी २२०.५०. कॅशबॅक गेलाच, वर खिशातले ३६५ रुपयेही गेले! म्हणून ऑटो-पे लावताना मी ‘मिनिमम ड्यू’ नाही, ‘टोटल ड्यू’च निवडतो. तुम्हीही आजच तपासा.